बिनआवाजाचं मशीन

आमच्या बाबांच्या तोंडून शब्द काढणं महाकर्मकठीण. पाहुणे आले की ते हसतात, पाणी आणून देतात आणि खुर्चीच्या कडेला टेकून दुसऱ्यांचं ऐकत राहतात. आई म्हणते, "यांना बोलायचे पैसे पडतात." पण पंख्यांचा विषय काढून बघा. छताच्या नव्हे हं, कॉम्प्युटरच्या पोटातल्या पंख्यांचा. मग बाबा असे काही सुटतात की पाहुणा घड्याळाकडे बघायला लागतो.

याला कारण त्यांची नोकरी. एका विमा कंपनीच्या तळघरात सर्व्हरची खोली होती आणि तिची देखभाल बाबांकडे. सर्व्हर म्हणजे तरी काय, कधीच बंद न होणारा आणि दुसऱ्यांची माहिती सांभाळत बसणारा कॉम्प्युटर. तिथे असे कितीतरी, कपाटांत एकावर एक रचलेले. गारठा एवढा की भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचा, आणि पंख्यांचा घोंगाट असा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलायचं. लहानपणी मी एकदा हट्टाने गेले होते, ती कान झाकून बाहेर आले. बाबांनी सगळी नोकरी त्या घोंगाटात काढली आणि तिथला एक नियम अंगात मुरवून घेतला. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मग थांबायचं, बघायचं, आणि नंतरच दुसरीला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हा नियम त्यांनी घरालाही लावला. चहातली साखर कमी करायची ठरली, तर त्या आठवड्यात दुधाला कुणी हात लावायचा नाही!

निवृत्त होताना माणसं घड्याळ नाहीतर शाल घेऊन घरी येतात. आमच्या वडिलांनी मोडीत निघालेला एक सर्व्हर मागून आणला. लांबलचक, चपटा, पिझ्झाच्या खोक्यासारखा. जिन्याखाली आमची सामानाची खोली आहे, तिथल्या फळीवर तो विराजमान झाला. घरातले सगळे फोटो, मावशीच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी, माझ्या शाळेच्या सामन्यांची चित्रणं, असं सगळं एका जागी आणि आपल्या ताब्यात ठेवायचं असा त्यांचा बेत होता. बेत चांगलाच होता. पण पहिल्यांदा बटण दाबलं आणि शेजारच्या काकू धावत आल्या. "मिक्सरमध्ये चमचा अडकला का हो?"

आता आईचं सांगते, कारण खरी अडचण तिथे होती. सामानाच्या खोलीला लागून तिची कामाची खोली. मध्ये एक भिंत, तीही पातळ. आई कोर्टातल्या साक्षी टाइप करते. कोर्टाकडून ध्वनिमुद्रणं येतात. ती हेडफोन लावते, पायाखालच्या पेडलने आवाज मागे-पुढे करते आणि साक्षीदार जे बोलला ते जसंच्या तसं उतरवते. साक्षीदार पुटपुटला, वकील मध्येच ओरडला, मागे दार आपटलं, तरी आईच्या हातून शब्द निसटायचा नाही. ज्या मुद्रणापुढे इतरांनी हात टेकले ते आईकडे यायचं. त्याचा तिला केवढा अभिमान! कोर्टातल्या बाई फोनवर म्हणायच्या, "हे तुमच्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही," आणि मग दिवसभर आईची मान ताठ असायची. हे काम हातचं गेलं तर आई कशी राहील याची कल्पनाही आम्हाला करवत नव्हती.

म्हणून त्या दिवशी ती हेडफोन गळ्यात अडकवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, एक तर हे राहील, नाहीतर मी."

बाबा हसले. मला वाटतं त्यांना मनातून आनंदच झाला. काम मिळालं ना!

आधी त्यांनी आतले काही चिमुकले पंखे काढून हळू फिरणारे बसवले. सर्व्हरला वाटलं हे पंखे मेले, म्हणून त्याने उरलेले पंखे जीव खाऊन फिरवायला सुरुवात केली. घोंगाट दुप्पट. मी पोट धरून हसले. बाबांनी मला समोर बसवून समजावलं. चपट्या पेटीत पंखाही बारीकच मावतो आणि बारीक पंख्याला पुरेशी हवा ढकलायला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. मोठा पंखा सावकाश फिरला तरी भागतं. "तो पंखा तुझ्यासारखा," ते म्हणाले. "आपल्याला आईसारखा हवा." मी शाळेत खेळ शिकवते. दिवसभर मैदानावर ओरडणं हाच माझा धंदा, तेव्हा मी हे मुकाट्याने ऐकून घेतलं. लग्नाचं माझं काही जमलं नाही, त्याची मला हळहळही नाही. मी आईबाबांकडेच राहते आणि माझ्या आवाजाबद्दल रोज बोलणी खाते.

चपटा सर्व्हर भंगारात गेला. त्याच्या जागी बंद पडलेल्या एका ऑफिसातून उभी, ढब्बू पेटी आली. तिच्यात थाळीएवढा पंखा. पंख्याचा आवाज गेला, पण आतल्या फिरत्या डिस्क फळीला थरथरवायच्या आणि फळी भिंतीला. मग आईच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक गायब झालं. बघते तर डिस्क इलॅस्टिकच्या झोळीत लटकतायत! आई म्हणाली, "आता पाळणा म्हणायलाही बसा." पण घुमणं थांबलं. आईने भिंतीला कान लावला आणि मान हलवली. आमचा जीव भांड्यात पडला.

थोडे दिवस शांततेत गेले. आणि मग एका दुपारी आई हेडफोन काढून बाहेर आली. "शिट्टी येतेय."

"कसली?" बाबांनी विचारलं.

"बारीक. एकसारखी. थांबतच नाही. तुमच्या त्या डब्यातूनच."

मी सामानाच्या खोलीत जाऊन उभी राहिले, श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. तसं मी सांगितलं तर आई फणकारली, "तुला काय ऐकू येणार? दिवसभर कानाशी शिट्ट्या फुंकतेस!" मीही दोन शब्द सुनावले. बाबांनी मात्र आईची बाजू घेतली. त्यांच्या दृष्टीने आईच्या कानांनी दिलेल्या निकालावर अपील नव्हतं. तिला येतेय ना, मग शिट्टी आहे. बारीक शिट्टी म्हणजे वीज पुरवणारा डबा, असं त्यांनी निदान केलं. त्यातली तारेची वेटोळी कधीकधी किणकिणतात म्हणे. डबा बदलला. मग नियमाप्रमाणे थांबले. शिट्टी होतीच. मग फिरत्या डिस्क काढून आत काहीच न हलणाऱ्या डिस्क बसवल्या. पुन्हा थांबले. शिट्टी होतीच.

शेवटी त्यांनी पंखाच नसलेलं मशीन घ्यायचं ठरवलं. ते निवडायला मी बरोबर गेले होते, म्हणून तो तमाशा मला बघायला मिळाला. दुकानदाराने एकेक मशीन चालू करून दाखवायचं आणि बाबांनी डोळे मिटून त्याला कान लावायचा. मग दुसरा कान. मग दुकानातला एसी बंद करायला सांगायचं. दुकानदार रडकुंडीला आला. "काका, कॉम्प्युटर आहे हो, कलिंगड नाही!" बाबा ढिम्म. तासाभराने त्यांनी एक निवडलं. जाडजूड पुस्तकाएवढं, अंगाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्या पट्ट्यांतूनच आतली उष्णता बाहेर जाते. हलणारं काही नाही, की फिरणारं काही नाही. घरी येताना बाबांनी ते मांडीवर धरलं होतं. इतका खूश माणूस मी त्या बसमध्ये दुसरा पाहिला नाही.

आईने दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाली, "आहे अजून."

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते आईच्या चिडचिडीचे. हाक मारली की "काय?", काही विचारलं की "काय?" मी म्हटलं, वय झालं, लक्ष नसेल. माझा आवाज असा की माझं बोलणं तिला नेहमीच पोचायचं, मग मला कसं कळावं? कोर्टाकडून एक साक्ष परत आली. जिथे आई कधीच 'अस्पष्ट' असं लिहीत नसे, तिथे पानापानावर ते लिहिलेलं होतं. मग अवघड मुद्रणं दुसरीकडे जायला लागली. त्या बाईंचे फोन कमी झाले. आई एकदा खुर्चीत बसून नुसती रडत होती आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणत होती, "त्याने माझं वाटोळं केलं." बाबा उठले, सामानाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पुढे ते रोजच जायचे. आतून स्क्रू फिरवल्याची कुरकुर यायची. मला वाटायचं, काय ही चिकाटी!

शाळेच्या भिंतीवर लावायला मला आमच्या जुन्या संघाचा फोटो हवा होता. बाबांच्या मशीनवर तो होता. फोनवरून शोधला तर मशीनच सापडेना. बाबा मागच्या अंगणात होते, आई तिच्या खोलीत टाइप करत होती. मी आईला ओरडून सांगून सामानाच्या खोलीत शिरले. फळीवर मशीन होतं, पण दिवा नव्हता. हात लावला तर थंडगार. वायर हाताने चाचपत खाली गेले. ती नीट गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलेली होती आणि प्लगच्या पिनांवर धूळ बसली होती. आज-कालची नव्हे, बोटाने रेघ ओढता येईल अशी.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आई ओरडली, "आत आहेसच तर त्याला जरा गप्प कर गं! आज फारच शिट्टी वाजवतंय."

ती गुंडाळलेली वायर माझ्या हातात होती. मी कसंबसं म्हटलं, "करते हं," आणि मागच्या दाराने अंगणात गेले.

बाबा शेजारच्या काकूंची इस्त्री दुरुस्त करत बसले होते. मी वायर त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी वायरकडे पाहिलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"कधीपासून बंद आहे?"

"पंखा नाही, डिस्क फिरत नाही, मग आवाज येईल कुठून, असं वाटायला लागलं होतं," बाबा खाली बघत म्हणाले. "म्हटलं, वायर काढून बघू. तेवढी एकच गोष्ट बदलू. वायर काढली आणि थांबलो. त्या दिवशी ती म्हणाली, आज जास्त येतेय."

"कधी, बाबा?"

"थंडी सुरू व्हायची होती."

"आता उकडायला लागलंय!" माझा पारा असा चढला की काकू खिडकीत आल्या. "एवढे महिने तुम्हाला माहीत होतं? ती आत रडतेय, तिचं काम जातंय, आणि तुम्ही रोज आत बसून काय करत होतात?"

"स्क्रू काढायचो. परत लावायचो."

"कशासाठी?"

बाबांनी ती वायर उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मशीनचा आवाज असता तर मला काढता आला असता गं. तिच्यातला कसा काढू?"

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर असतात त्यासाठी!" मी आत जायला वळले, तर त्यांनी माझा हात धरला. "तू नको. मी सांगतो."

सांगितलं कसं, तर त्यांच्याच पद्धतीने. मशीन फळीवरून उचललं, गुंडाळलेली वायर वर ठेवली आणि आईच्या टेबलावर, तिच्या कीबोर्डशेजारी नेऊन ठेवलं. आईने हेडफोन काढला.

"आता येतेय शिट्टी?" बाबांनी विचारलं.

आईने मशीनकडे पाहिलं. वायर उचलून पाहिली, ठेवली. ॲल्युमिनियमवर तळवा टेकवला. "गार आहे," ती म्हणाली.

"येतेय का?"

"हो."

मी दारात उभी होते. मला वाटलं आता आकाशपाताळ एक होईल. पण आईने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "उद्या जाऊ कुणाकडे तरी. ही साक्ष तेवढी संपवू दे." ती संपेपर्यंत बाबा तिथेच स्टुलावर बसून राहिले.

कानाच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी आईला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावला, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आईला हेडफोनची काय भीती! ती परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी ताठ बसली. बाहेर तंत्रज्ञाने आवाज सोडला की त्याच्या पुढ्यात छोटा दिवा लागायचा. उजव्या कानाच्या वेळी दिवा लागला की आईचा अंगठा लगेच खाली. मग डावा कान. दिवा लागला. विझला. लागला. विझला. बाबा काचेला नाक लावून त्या अंगठ्याकडे बघत होते, आणि तो अंगठा जागचा हलत नव्हता. आई आपली शहाण्यासारखी वाट बघत बसली होती, आवाज अजून सुरूच झाला नाही अशा समजुतीत. मला ते बघवेना. मी पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. डाव्या कानाचं ऐकणं बरंचसं गेलंय. शिट्टी त्याच कानाची आहे, ती पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत आला असतात तर औषधाने काही परत मिळालं असतं. कदाचित. खात्री तेव्हाही नव्हती. आणि हो, घर अगदी चिडीचूप ठेवू नका, शांततेत शिट्टी जास्त जाणवते, खोलीत एखादा बारीक, एकसारखा आवाज चालू असू दे. ऐकलंत? ज्या घरातून आम्ही पंख्याची कुजबुजसुद्धा हाकलून लावली, त्या घराला हा सल्ला! मला हसू आलं, नको त्या जागी आलं, आणि मी ते खोकल्यात दडपलं.

"मला साक्षी उतरवता येतील?" आईने विचारलं.

"उजव्या कानाने येतील की. स्पष्ट मुद्रणं असतील तर."

"स्पष्ट असतील तर ती कुणालाही येतात," आई म्हणाली आणि पर्स उचलून उठली.

बसथांब्याकडे आम्ही चालत निघालो. रस्त्यावर दुकानं उघडत होती, शटर वर जात होती, पुढे थांब्याजवळ एक माणूस नळी धरून फुटपाथ धूत होता. आई मध्ये, मी तिच्या उजवीकडे, बाबा डावीकडे. चालता चालता बाबा तिच्याकडे झुकून म्हणाले, "मला माहीत होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मी ऐकलं. आई पुढे चालत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. एक क्षण मला वाटलं ही रागावलीय. मग माझ्या लक्षात आलं की ते तिला पोचलंच नाही. बाबांच्याही लक्षात आलं असावं. ते तसेच मान खाली घालून चालू लागले.

थांब्याच्या अलीकडे आई आपणहून बोलली, कुणाकडे न बघता. "बाजारातही यायची."

"काय यायची?" मी विचारलं.

"शिट्टी. बसमध्ये यायची. तुझ्या मावशीकडे चार दिवस राहिले, तिथेही आली होती बरोबर."

मी रस्त्यातच थांबले. "म्हणजे तुला ठाऊक होतं? मग त्या मशीनच्या नावाने का बोटं मोडत होतीस?"

आईने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हे रोज आत जाऊन बसत होते ना गं," ती म्हणाली. "इतकं जिवापाड दुरुस्त करत होते. मला वाटलं, आज ना उद्या यांना जमेल."

बाबा जागच्या जागी उभे राहिले. मग ते आमच्या मागून फेरा मारून या बाजूला आले. मी सरकून त्यांना जागा दिली. ते आईच्या उजव्या कानाशी उभे राहिले आणि मघाचीच दोन वाक्यं त्यांनी पुन्हा म्हटली, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून. फुटपाथ धुणाऱ्या माणसाने नळी खाली करून वळून पाहिलं.